ऋचाचा बॉल आणि एकशे आठ टाके

हिल्सबरो, ऑकलंड

तीर्थरूप विभाआत्यास मकरंदचा साष्टांग नमस्कार (कंबर धरलीय, त्यामुळे तूर्त पाचच अंगं टेकलीत, उरलेली तीन समजून घे). तुझं बीपी कसं आहे? लोणच्याची बरणी दिसली की तू डॉक्टरांना विसरतेस, हे मला इथे बसून कळतं. आम्ही तिघं ठणठणीत, पण लेक माझ्याशी बोलत नाही, आणि चूक माझीच आहे.

त्याचं झालं असं. आमची ऋचा बेसबॉल खेळते, ते तुला माहीत आहेच. गेल्या महिन्यातल्या मॅचमध्ये तिने लागोपाठ तिघींना आउट केलं, आणि कोचने तो बॉल तिला कायमचा दिला. पोरगी तो घेऊनच झोपायची. दसऱ्याला मी लॅपटॉप आणि नटबोल्टचे पाने पूजेला मांडले, म्हटलं, लेकीचं शस्त्र तेवढं का सोडा? पांढऱ्याशुभ्र चामड्यावर मनोभावे हळदकुंकू वाहिलं (सुरुची म्हणाली होती, नुसतं फूल वाहा, पण बायकोचं ऐकेल तो इंजिनिअर कसला). मग ऋचा यायच्या आत डाग काढायला बॉल वॉशिंग मशीनमध्ये घातला, आणि शहाणपणाची हद्द म्हणजे ड्रायरमध्येही. बाहेर आला तो शिवण उसवून, आतली लोकर लोंबत. ऋचाने पाहिलं, "इट्स फाइन, डॅड" म्हणाली आणि खोलीत गेली. आज नऊ दिवस झाले. आदळआपट केली असती तर परवडलं असतं गं.

आता मी पडलो ईस्ट टामाकीत पॅकिंगची मशिनं बनवणारा. म्हटलं, शिवण ती काय! वाचायला बसलो आणि सगळा तोरा उतरला. आत बुचाची गोळी, तिच्याभोवती तीनशे मीटरच्या वर लोकर. ती मशीन गुंडाळतं. पण वरचं चामडं मॅचच्या बॉलला अजून माणसंच शिवतात. तिकडे कोस्टा रिकात कारागीर ओळीने बसतात, बॉल चिमट्यात धरतात, दोन्ही हातांत सुया, मेण लावलेला लाल दोरा, एकशे आठ जोडटाके, आणि दहा-पंधरा मिनिटांत बॉल तयार. पहिला आणि शेवटचा टाका तर शोधून सापडत नाही. माझ्यासारख्या शहाण्यांनी मशीन करून पाहिलं, जमलं नाही. दोरा किती ताणायचा ते बोटांनाच कळतं. काय ती माणसं! मला आठ दिवस लागले, तीन बोटांना पट्ट्या आहेत, आणि भोकं तेवढीच असून टाके सत्त्याण्णव कसे भरले, देव जाणे.

तू साड्यांना हाताने फॉल लावायचीस, तेव्हा "मशीन आण की" म्हणून मी तुला चिडवायचो. तुझा टाका सुलट बाजूने कधी दिसला नाही. मला ती नुसती मेहनत वाटायची. चुकलो गं आत्या.

तुझा,
मकरंद

ता. क. सोबतच्या डब्यात बॉल आहे. माझे टाके उसवून तू नव्याने घाल. माझा मित्र श्रीनाथ पुढच्या महिन्यात पुण्याहून परततोय, त्याच्याकडे दे. ऋचाला मी सांगितलंय की बॉल न्यू लिनच्या दुकानात दुरुस्तीला दिलाय.

ता. क. २. डबा चिकटवायला घेतला, तर आत चिठ्ठी (हे पत्र रात्रभर टेबलावर उघडंच राहिलं होतं). जन्मात कधी मराठीत उत्तर न देणाऱ्या आमच्या पोरीने वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलंय, "आत्याआजी, बाबाचे टाके काढू नको." तेव्हा बॉल इथेच ठेवतोय, तुला नुसतं पत्र. मी जरा तिच्या खोलीत जाऊन येतो.