शारोननं निवडलेलं गीत

छावणी, छत्रपती संभाजीनगर

मार्थाताई, प्रभूत सलाम.

काल शारोनची तिसरी केमो झाली म्हणून तुम्ही वैजापूरहून प्रार्थनेला आलात, ते चांगलं केलंत. पण दफनाच्या वेळचं गीत का काढलंत? म्हणे, सांत्वनाचं आहे. सहा वर्षांची पोर माझी. दोन कडवी गप ऐकली, मग म्हणाली, "आत्या, हे आजोबांना पुरताना म्हटलं होतं. मला तर नुसता कॅन्सर झालाय."

मी तुमच्या हातातलं पुस्तक मिटलं. उद्धटपणा झाला? व्हय, झाला. लई बरं वाटलं. मग तिनं भर एप्रिलात नाताळचं गीत सांगितलं आणि तुमचे भाऊ खंजिरी घेऊन बसले. तुम्ही मात्र चपला घातल्यात. "देवाची इच्छा," असं दारातून म्हणालात. ती इच्छा काय आहे ते मला ठाऊक नाही, ताई. तुम्हालाही नाही.

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचून तुम्ही रडाल, आणि तुमची समजूत काढायला मला सध्या सवड नाही. सोमवारी चौथी केमो आहे. परत जरूर या. गीत शारोनच निवडेल, आणि शेवटचं कडवं होईपर्यंत कुणी उठायचं नाही.

तुमची भावजय,
सुवार्ता