तुझ्या बाबांचा रोमँटिसिझम

प्रिय कृतिका,

हे फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्या घरात वर बोललेलं सगळं खाली बेसमेंटमध्ये ऐकू जातं, आणि तिथे तुझे बाबा बसलेले असतात. म्हणून लायब्ररीत येऊन लिहिते आहे.

गेल्या सप्टेंबरात त्यांनी युनिव्हर्सिटीतल्या, निवृत्त सीनियर्ससाठीच्या एका कोर्सला नाव घातलं. जन्मभर बॉयलर डिझाइन केलेला माणूस, मला वाटलं बागकाम वगैरे असेल. निघाला युरोपातला रोमँटिसिझम! चित्रं, कविता, संगीत, सगळं. मी म्हटलं, "हे काय वय आहे रोमान्सचं?" तर म्हणाले, "जयंती, त्याचा प्रेमाशी तेवढा संबंध नाही गं. नुसत्या तर्काचा आणि यंत्रांचा वीट आला होता त्या लोकांना. माणसाला आतून जे वाटतं तेही खरं धरा, असं म्हणणं होतं त्यांचं." आतून वाटतं! एकेचाळीस वर्षांच्या संसारात हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग एकेक दिसायला लागलं. जेवणाच्या टेबलावर चित्रांची जाडजूड पुस्तकं: वादळात सापडलेली जहाजं, पडके मठ, धुक्याकडे बघत पाठमोरी उभी माणसं. ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करताना मधेच थांबून आकाशाकडे बघत राहायचे. फोन उलटा ठेवायला लागले. गुरुवारी क्लास दोनला सुटायचा, हे उगवायचे चारला. विचारलं तर "ट्रॅफिक होतं." आपल्या एवढ्याशा ग्वेल्फमध्ये, दुपारी दोनला! आणि चहा झाला की बेसमेंटचं दार लावून गाणं ऐकत बसायचे. रोज एकच बाई, जर्मन भाषेत, साथीला पियानो. मी पायऱ्या उतरायला लागले की आवाज बंद.

जानेवारीत त्यांचा कोट धुवायला टाकताना खिशात कागद सापडला. अक्षर त्यांचंच, आणि मराठीत. 'तुझा आवाज वर चढतो तेव्हा मला श्वास घ्यायचं भान राहत नाही. इतकी वर्षं मी काय ऐकत होतो?' मागच्या बाजूला ग्लेन्डा असं नाव आणि फोन नंबर. मी कागद होता तसा खिशात ठेवला आणि कोट पुन्हा खुंटीला लावला. पुढचे दोन आठवडे "जेवायला या" यापलीकडे त्यांच्याशी बोलले नाही. कोणाला सांगायचीही लाज वाटत होती.

त्यानंतरच्या गुरुवारी बस पकडून त्यांच्या क्लासपाशी गेले. क्लास सुटल्यावर तुझे बाबा कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये शिरले. उणे चौदामध्ये मी वीस मिनिटं बाहेर उभी. आतून पियानो ऐकू येत होता. शेवटी दार ढकललं. पियानोपाशी पंचाहत्तरीची एक बाई, आणि शेजारच्या खुर्चीवर तुझे बाबा, मांडीवर वही घेऊन एकेक जर्मन शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला बघून त्यांनी वही मिटली. ती बाई मात्र हसून चक्क मराठीत म्हणाली, "या वहिनी, बसा. मी ग्लेन्डा, वसईची. इथे गाणं शिकवते. तुमचा माणूस शब्दाशब्दाचा अर्थ विचारून माझा जीव खातो. पण काय हो गाते तुमची मुलगी!"

माझी मुलगी.

कृतिका, बेसमेंटमधली ती बाई तू होतीस. खिशातला तो कागदही तुझ्यासाठीच होता. तुझ्या कार्यक्रमांचे जेवढे व्हिडिओ आहेत तेवढे त्यांनी उतरवून घेतले आहेत. चार महिने मी जिन्यात उभी राहून जिच्यावर जळत होते, तिचा आवाज मला ओळखता आला नाही. तू गाण्यासाठी इंजिनिअरिंग सोडलंस तेव्हा बाबा नको ते बोलले, सहा वर्षं गप्प राहिले, आणि सगळा दोष त्यांच्या माथी मारून मी मोकळी झाले. पण दर रविवारी फोनवर मी तरी काय विचारते? जेवलीस का, थंडी किती आहे. तू काय गातेस हे एकदाही विचारलं नाही.

परत येताना गाडीत ते म्हणाले, "सॉरी म्हणायला तोंड उघडत नाही गं. म्हटलं, तिने कशासाठी सगळं सोडलं ते तरी आधी शिकून घेऊ. ती गाते ती गाणी त्या रोमँटिक लोकांचीच आहेत."

आता लिहिण्याचं कारण. कोक्विटलाम गावातल्या तुझ्या एप्रिलमधल्या कार्यक्रमाचं त्यांनी तिकीट काढलं आहे. एकच, शेवटच्या रांगेतलं. तुला दिसायचं नाही आणि संपायच्या आत उठून यायचं, असा त्यांचा बेत आहे. मला "तिला सांगू नकोस" म्हणालेत, तरी सांगते आहे, कारण त्यांनी यावं की नाही हे तू ठरवायचं. नको असेल तर तसं लिही. त्यांना मी समजावीन आणि तुझ्यावर रागावणार नाही. आणि चालणार असेल, तर त्यांच्या शेजारचं तिकीट मी काढते, आणि कार्यक्रम संपला तरी आम्ही दोघं जागचे उठणार नाही. तू स्टेजवरून खाली येईपर्यंत थांबू.

तुझीच,
आई