रुईची खाल्लेली पानं

१२ ऑगस्ट
पुन्हा पानं खाल्ली. काल शेंड्याला कोवळी पालवी होती, आज नुसत्या शिरा.

रक्तातल्या आनुवंशिक सिकलसेलच्या दुखण्यानं बारावीतच कॉलेज सुटलं. दुखणं उठलं की अंथरुणातून हलता येत नाही, मग अर्जुनीची बस कोण पकडणार? तेव्हापासून मागच्या भिंतीजवळची ही रुईच माझं काम. फुलपाखरं यावीत म्हणून लावली होती. आल्या अळ्या! पांढरे-काळे-पिवळे पट्टे, अंगावर काळी शिंगं.

बाबा म्हणाले, "धानाची दवा उरली आहे. मारून देऊ का?"

नको म्हटलं. हातानं एकेक वेचली आणि चपलेखाली चिरडली.

१५ ऑगस्ट
एक नारिंगी फुलपाखरू आलं. पानाखाली शेपूट वाकवून क्षणभर टेकलं आणि उडालं. पान उलटून पाहिलं — मोहरीपेक्षाही बारीक पांढरं अंडं.

म्हणजे मी चिरडल्या त्या ह्याच्याच.

जेवण गेलं नाही. समता — माझी धाकटी, चौथीत आहे — ताटाशी येऊन बसली. "ताई, तुले मालूम नव्हतं ना? मंग कायले रडून राहिली?"

२२ ऑगस्ट
आता खाऊ देते. अंड्यातून निघालेल्या अळ्या आधी दोऱ्याएवढ्या होत्या, आता करंगळीच्या नखाएवढ्या. कान लावला तर कुरतडण्याचा आवाज येतो, असं समता म्हणते. मला नाही आला.

आईला पटत नाही. "आंगणात रुई, अन् तेही भुंडी. येनारा-जानारा का म्हनन?"

२४ ऑगस्ट
पाठ, मांड्या. लिहवत नाही.

२९ ऑगस्ट
उठले. झाडावर पान उरलं नव्हतं, पण अळ्या डब्यात जिवंत होत्या. माझ्या दुखण्यात समता रोज शाळेतून आली की तळ्याच्या पाळीवरून रुईची पानं आणत होती. चीक डोळ्यात जाऊ नये म्हणून हात राखेनं धुवायचे, हे मीच तिला शिकवलं होतं. न चुकता धुते.

आज मात्र फार उशिरा आली. वाटेत बसून राहिली होती म्हणे. "पाय दुखते, ताई. तुह्यासारखे."

मला रागच आला. "माझी नक्कल नको करू."

आई चुलीपाशी होती. "तुले पाहू पाहूच शिकली ते," म्हणाली.

समतानं पानं अळ्यांच्या डब्यात घातली आणि ती भिंतीला टेकून बसली.

५ सप्टेंबर
काही अळ्यांनी डब्यातून निघून भिंतीवर कोश केले. फिकट हिरवे, वर सोनेरी ठिपके. बाबाही वाकून पाहून गेले. बाकीच्या अजून खातायत.

८ सप्टेंबर
सगळं गेलं.

भिंतीपलीकडे शेजारच्या हेमेंद्रभाऊंची बांधी, धानाचं शेत. सकाळी पाठीवर पंप घेऊन फवारणी करत होते. वारा आमच्याकडे वाहत होता. आम्ही धावत जाऊन डबा आत आणला, पण झाडाच्या नव्या पालवीवरच्या आणि डब्यातल्याही खाली पडल्या. आकसून गोल झाल्या, तोंडातून हिरवं पाणी. समता एकेकीला काडीनं सरळ करत होती.

हेमेंद्रभाऊ भिंतीवरून डोकावले. "मले का मालूम, बाई? तुडतुडा लागला. नाही मारला तं धान जाते."

त्यांचंही बरोबर आहे. हे मी समताला सांगितलं नाही. भिंतीवरचे कोश तेवढे राहिलेत.

१५ सप्टेंबर
एक फुलपाखरू निघालं. एक पंख चुरगळलेलाच राहिला. फवाऱ्यामुळे असेल, नाहीतर तसंच असेल. बाकीचे कोश काळे पडलेत.

"हे बरं होईन?" समतानं विचारलं.

"नाही."

"मंग का करन ते?"

"फुलावर ठेवू. रस पिईल. जमेल तेवढे दिवस काढील."

तिनं हातावर घेऊन झेंडूवर ठेवलं. मुंग्या चढू नयेत म्हणून दुपारभर राखण करत बसली. मी हाक मारली तर म्हणाली, "उठवत नाही." पुन्हा नक्कल, असं माझ्या मनात आलं. बोलले नाही एवढंच.

१९ सप्टेंबर
समता शाळेत गेली नाही. बोटं सुजलीत. तोंड धुवायला बाहेर आणली, उन्हात तिचे डोळे दिसले. पिवळे.

हा पिवळा मला माहीत आहे. मी रोज आरशात पाहते.

आईला म्हटलं, "हिची तपासणी केली होती ना? लहानपणी?"

आई तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. "नेलीच नाही."

"काऊन?"

"तुहं ऐकलं होतं ना. अजून एकीचं ऐकाची हिंमत नव्हती माही."

बाबा दारात उभे होते. त्यांना आईनं तेव्हा सांगितलं होतं, तपासली, ठीक आहे. ते बाहेर निघून गेले. मग परत आले आणि म्हणाले, "उद्याच्या बसनं नेऊ."

२० सप्टेंबर
अर्जुनीच्या दवाखान्यात समताचं रक्त तपासायला दिलं. मीही गेले. सुई टोचताना समतानं माझा हात धरला होता. "तू नाही रडत ना? मंग मी बी नाही."

परत येताना बसमध्ये माझ्या मांडीवर झोपली. त्या दिवशी मी तिला काय बोलले, तेच डोक्यात फिरत होतं. तिला उठवून सांगावंसं वाटलं. उठवलं नाही.

२७ सप्टेंबर
रिपोर्ट आला. समतालाही तेच. माझ्यासारखंच; नुसती वाहक नाही, पूर्ण आजार.

आई जमिनीवर बसली ती उठली नाही. बाबा म्हणाले, "पोरीले आता सांगन कोन?"

मी म्हटलं, मी सांगते. ती अंगणात होती. तिच्या शेजारी जाऊन बसले. रिपोर्टच्या आधी, 'नक्कल' म्हणाले त्याची माफी मागायची होती.