आयडल म्हणजे आळशी

४ फेब्रु., बुध.
खर्च: कारखान्याच्या सर्व्हरची बॅटरी ३,४००. समईचे तेल १८०. पोदेराचे उंडे पाव ३०.
अनिकेतने पुण्याहून फोनवर शिकवले. सर्व्हर बंद करण्याआधी काळ्या पडद्यावर डब्ल्यू एवढे एकच अक्षर मारायचे, की आत कोण कोण आहे ते दिसते. "आई, कोणी आत असताना बंद करू नको हां, त्यांचे काम जाते." जमले! आमचा काजूचा कारखाना तो केवढा, आत नावे दोनच. हे आणि हिशेबाची सुलभा.

६, शुक्र.
डब्ल्यू मारले. सुलभाच्या नावापुढे आयडल, तीन तास. आयडल म्हणजे आळशी, शाळेत घोकलेला शब्द. खाली परत तिचेच नाव. यंत्र अडखळले असेल म्हणून सोडून दिले. जेवताना ह्यांच्या कानावर घातले. पगार काय फुकटचा येतो?

७, शनि.
ह्यांनी तिला काजू सोलणाऱ्या बायकांसमोर झापले. "बसून पगार खातेस?" ती ह्यांच्याशी बोललीच नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "काकी, हांव बसून नाशिल्लें गो." बसून नव्हते म्हणे. कचेरीची चावी टेबलावर ठेवली नि पाळी गावात आपल्या घरी गेली. मी उंबऱ्यात उभी.

९, सोम.
उपास. अनिकेतला विचारले. आधी हसला. "अगो आई, आयडल म्हणजे त्या खिडकीत बोट लागले नाही, एवढेच. खालची ओळ वाचलीस? दुसऱ्या खिडकीत ती काम करत होती. तू समई लावून स्वयंपाकघरात गेलीस तर आळशी होतेस?" का विचारतेस, म्हणाला. सांगितले. मग हसला नाही.
पूजेला बसले, मन लागेना. देवासमोर हात जोडायची लाज वाटली.

१०, मंगळ.
ह्यांना सांगितले, चूक माझी. "मग आता मी बोलावू तिला? उद्या बायका डोक्यावर बसतील. तू केलेस, तूच निस्तर." सुलभा फोन घेत नाही. बापाचे खाणीवरचे काम सुटल्यापासून घर तिच्यावर. हे मला ठाऊक होते, तरी...

११, बुध.
पत्र टाकले. लिहिले ते असे:
सुलभाबाय, तू बसून नव्हतीस. मला वाचता आले नाही आणि मी चुगली केली. ज्या बायकांसमोर तुला बोलले गेले, त्यांच्यासमोरच मी हे सांगणार आहे, तू आलीस तरी, न आलीस तरी. चावी कुणाला दिलेली नाही. रागावली असलीस तर तसे लिही, पण उलट टपाली एक ओळ कळव.