दवाखान्याचं बाकडं

शुक्रवार, डिसेंबर. संध्याकाळ.

बाकड्यावरून हात उचलला, पुन्हा ठेवला. गरम. दिवसभर चर्चच्या सावलीत असतं ते. मिशनचा हा दवाखाना केव्हाच बंद पडला. मावशी इथली शेवटची नर्स, अजून मागच्या खोलीत एकटी राहते. परवा पडली, म्हणून तिला इंदिरानगरला न्यायला आलोय. आल्यापासून बघतोय, ती आधी बाकडं पुसते, मग चहा.

मी बसणार तेवढ्यात ओरडली, "तिथं नको रे! मागून येऊन पुढं बसतो व्हय?"

"मावशी, इथं कोण आहे?"

"तुझ्या इंदिरानगरात डॉक्टर लय हायेत. यांना मीच हाय."

उन्हाने तापलं असेल? पण ऊन तिथे येतच नाही.

शनिवार. सकाळी तिला चलण्याबद्दल पुन्हा विचारलं नाही. बाकडं पुसलं आणि एकटाच निघालो.