दोनाचा की चाराचा

१६ ऑक्टो. १९७४, बुध. घटस्थापना.
शेठची लाल अमेरिकन गाडी आली. आली म्हणजे ढकलत आणली. दोन दारं, आठ सिलिंडर, बॉनेट एवढं लांब की वर आप्पांची खाट मावेल. इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणारा कारबुरेटर तडकलाय, दुसरा बसवायला लागणार. शेठना दसऱ्याला सीमोल्लंघनाला हिच्यातूनच जायचंय.
मी हात पुसून पुढं झालो. आप्पा म्हणाले, "थांब दत्ता, मन्याला बघू दे."
मन्या म्हणजे आप्पांचा धाकटा, माझा भाऊ. श्रावणात मुंबईचं गॅरेज सोडून घरी आला. इतकी वर्षं आप्पांच्या जोडीनं हे गॅरेज मी ओढलं, आणि आता मन्याला बघू दे. पोटात दुखलं. बाहेर बोलणार नाही, इथं लिहून ठेवतो.

१७, गुरु.
वाद. मी म्हणतो, दोन बॅरलचा, म्हणजे दोन घशांचा बसवू. एका जुन्या अमेरिकन ट्रकचा आपल्याकडं पडलाय. साधा, पेट्रोल कमी पितो, बिघडला तर सोलापुरात दुरुस्त होतो. मन्या म्हणतो, चार बॅरलचा. मुंबईहून येताना ट्रंकेत कपड्यांच्या घडीत ठेवून आणलाय साहेबांनी.
"दादा, हळू चालवली तर दोनच घसे उघडे. पाय दाबला की मागचे दोन उघडतात. गाडी त्याच्यासाठीच बनलीय."
शेठना दोन्ही पाहिजे. पळाली पण पाहिजे आणि पेट्रोल पण पिऊ नये. सध्याचे भाव बघता त्यांचं तरी काय चुकलं.
दोन्ही बसवून बघायचे ठरले. आप्पा सांगतील तो कायम.

१९, शनि.
आज माझा दोनाचा. होटगी रोडला नेली. एक ठसका नाही, गरम नाही, गुमान गेली, गुमान आली. शेठ म्हणाले, "बरं हाय की." आप्पा उतरून सरळ आत गेले.
बरं हाय. सासरच्या पाहुण्याला भाजी कशी झाली विचारल्यावर म्हणतो तसं.

२०, रवि.
मन्याचा चाराचा. शेठ पुढं, आप्पा आणि मी मागं. होटगीच्या अलीकडं रस्ता मोकळा दिसला आणि मन्यानं पाय दाबला. मागचे दोन घसे उघडले, पाठ सीटला चिकटली. आणि आप्पा हसले. मोठ्यानं, तोंड उघडून. आईच्या माघारी मी हे हसणं ऐकलं नव्हतं. माझ्या हातनं किती इंजिनं नीट झाली, एकदा हसले नाहीत.
गाडी मलाही आवडली. जळतंय ते तिथंच.

२२, मंगळ.
निकाल लागला. चाराचा. वर आणखी आप्पांचं, "औंदा खंडेनवमीची पूजा मन्या करंल."
हत्यारांची पूजा करील त्याचं गॅरेज, हे आमच्यात बोलून दाखवायला लागत नाही.
घरी कमलला सांगितलं. पोळी लाटत म्हणाली, "पूजा कुणी का करंना. पाने तर तुमच्याच हातात ऱ्हाणार हायती की." हिला काय कळतंय? का हिलाच कळतंय.
मन्यानं चाराचा काढून साफ केला. परत बसवू लागला तर आप्पा म्हणाले, "नवी वस्तू हाय. पाटावर ठेव, पूजा झाल्यावर बसव."

२४, गुरु. खंडेनवमी.
पाने, हातोड्या, जॅक, सगळं धुऊन पाटावर. मधोमध चाराचा, देवासारखा, तोंड वर करून. मन्यानं पूजा केली. मंत्र येत नाहीत, नुसताच पुटपुटला.
मग आप्पा उठले. कुंकू तेलात कालवलं आणि बोटानं कारबुरेटरच्या तोंडाला भरपूर लावलं. तोंडाशी हवेची बारीक भोकं असतात, त्यांच्यावरच. वर अक्षता. मन्या तेव्हा पाया पडत होता, त्यानं पाहिलं नाही. मी पाहिलं. म्हटलं, बसवताना पुसंल की. एवढा मुंबईचा आहे.

२५, शुक्र. दसरा.
शेठ फेटा बांधून सकाळीच दारात. मन्या चाराचा बसवायला लागला. अक्षता झटकल्या, फडकं घेतलं, तोच आप्पा, "कुंकू पुसू नकोस रं. पूजेचं हाय, राहू दे." ठेवला तसाच.
दुपारी सीमोल्लंघनाला निघाली. वळणापर्यंत सुद्धा गेली नाही. काळा धूर, ठसके, बंद. परत चालू, परत बंद. सगळा रस्ता बघायला. शेठ आपट्याची पानं हातात घेऊन रिक्षात बसले.
भर गर्दीत आप्पा मन्याला म्हणाले, "तुझी मुंबईची थेरं." मग माझ्याकडं वळून, "दत्ता, तुझा दोनाचा बसीव. कायमचा."
हेच पाहिजे होतं. संध्याकाळी मन्यानं मला सोनं दिलं, वाकून नमस्कार केला. पुरणपोळी गोड लागली नाही.

२६, शनि.
चाराचा काढला. भोकं लाल, कुंकवानं गच्च. हवा नाही, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून धूर. टाचणीचं काम आहे. आतून सोन्यासारखा आहे.
मन्या आला. "माझंच काहीतरी चुकलं असणार, दादा. आप्पांना तोंड कसं दाखवू? मी जातो परत मुंबईला." मी फडक्यानं कारबुरेटर झाकला. का झाकला?
सांगावं तर आप्पांचंच बोट निघतं. पूजेच्या कुंकवानं गाडी बंद पडली, हे त्यांना कुणी सांगायचं? असं स्वतःला समजावतोय. खरं कारण ते नाही.

२७, रवि.
मन्याची ट्रंक भरून दारात. दुपारची गाडी. कमल त्याला दशम्या बांधून देतीय आणि माझ्याकडं बघत नाही. तिला मी काही सांगितलेलं नाही. तरी बघत नाही.
दोन्ही कारबुरेटर बाकावर. शेठ येतीलच. आप्पांनी बाहेरून दोनदा विचारलं, "बसवला का रं?" दोनदा म्हटलं, बसवतोय.
सांगितलं की मन्या राहणार, चाराचा बसणार, आणि होटगी रोडला आप्पा परत तसंच हसणार. मी मागच्या सीटवर. नाही सांगितलं तर गॅरेज माझं, आणि आप्पा हसणार नाहीत.
कमलच्या डब्यातली टाचणी आणलीय. मन्याला हाक मारली, "जायच्या आधी जरा हितं बॅटरीचा उजेड धर." येतोय. फडकं अजून वरच आहे.