पाथर्डीच्या ज्वारीची छत्तीस कार्डं

१८ ऑक्टोबर १९७२, बुधवार
सकाळच्या एसटीने पुणे. संगणकाची फीत डब्यात, डबा पिशवीत, पिशवी मांडीवर. आमच्या संशोधन केंद्रावर तीन वर्षं पेरलेल्या सगळ्या ज्वारींचे आकडे त्या एका फितीवर. तक्ते छापून आणायचे, ११ डिसेंबरच्या बियाणे समितीपुढे ठेवायचे, एवढंच काम. संध्याकाळी परत येऊन मस्त झोपायचं ठरवलं होतं.

संगणक केंद्रातल्या आगाशेंनी फीत यंत्रावर चढवली. यंत्राने दोन झटके दिले आणि थांबलं. आगाशेंनी फीत उतरवली, बोटाने पुसली, बोटाचा वास घेतला.
"बाई, ही हळद आहे."
मी हसले. मग बघितलं. हळद, कुंकू आणि झेंडूची एक पाकळी.

१९ ऑक्टो.
किसनमामा आमचे शिपाई. वीस वर्षं केंद्रावर आहेत, मूळचे पाथर्डीकडचे. त्यांनी एका दमात कबूल केलं. दसऱ्याला तराजू, पावसाचं माप, आकडेमोडीचं मशीन, सगळ्यांची पूजा केली. मग डबा उघडून फितीची. बोटं लावली आणि वर पाणी शिंपडलं.
"ताई, ह्या हापिसातलं सगळ्यात मोठं हत्यार हेच, असं तुमीच म्हनला हुता. मग त्याला कोरडं कसं ठिवायचं?"
"निदान डब्याची तरी करायची होतीत!"
"डब्याची पूजा कोन करतं?"
रागावले भरपूर, पण खरा राग माझा माझ्यावर आहे. जूनमध्ये आगाशे म्हणाले होते, दोन फिती करा, एक इथे ठेवा. मी तोऱ्यात म्हटलं, कशाला, भोकं पाडून आकडे नोंदलेली मूळ कार्डं आहेत की आमच्याकडे.

२४ ऑक्टो.
पुण्याहून पत्र. आगाशेंनी फीत पुसून पुसून चालवली. आतले वेढे वाचले, बाहेरचे गेले. बाहेरच्या वेढ्यांवर फक्त सात नंबरचा वाण होता. सात नंबर म्हणजे पाथर्डीकडची गावरान ज्वारी. तीन वर्षं, दर वर्षी बारा वाफे, वाफ्याला एक कार्ड. छत्तीस कार्डांचे आकडे गेले.

नेमकी तीच. बाकीच्या ज्वारींचं काही अडत नव्हतं, त्यांच्यामागे बोलणारे पुष्कळ आहेत. हिच्यामागे मी एकटी. समितीपुढे आकडे गेले नाहीत तर हिचं नाव बियाण्यांच्या यादीतून खोडणार, आणि यंदा दुष्काळात घराघरातलं बी दळून खाल्लं जातंय. पुढच्या वर्षी मागायला गेलं तर उरलेलं असेल का?

यंत्रावर आकडे नाहीत का, असं विचारलं होतं. आगाशे लिहितात, "यंत्र एक, पण त्याच्या पोटात आम्ही चौघांना चार बिऱ्हाडं थाटून दिली आहेत. प्रत्येकाला वाटतं सगळं यंत्र आपलंच. तुमचं बिऱ्हाड जुलैत हललं, तिथे आता दुसरे राहतात." बरं आहे. उद्या कार्डांची पेटी काढते.

२५ ऑक्टो.
पेटी नाही.

साहेबांना विचारलं. साहेब म्हणजे केंद्रप्रमुख, माणूस वाईट नाही, पण स्वच्छतेची भारी हौस. "ती भोकं पडलेली रद्दी? दुष्काळी कामावर मजुरांना बिल्ले हवे होते. जाड, एकसारखी, पाठ कोरी. देऊन टाकली. फितीवर आहे ना सगळं?"
हो, आहे ना. हळदीसकट.

आधी शेतावरच्या वह्या होत्या, त्यांना वाळवी लागली म्हणून कार्डं केली. कार्डं पेटीभर झाली म्हणून फीत केली. दर वेळी नवं आलं की आम्ही जुन्याकडे पाठ फिरवली. चहा घेतला नाही आज. रडले थोडी, खोटं का लिहू.

३० ऑक्टो., सोमवार
पाथर्डीच्या पुढे पाझर तलावाचं काम. किसनमामा (कि. मा.) बरोबर येतो म्हणत होते, मी नको म्हटलं (राग). चुकलं.

डोक्यावर ऊन, खडी फोडणाऱ्या बायांची लांबच लांब रांग. मुकादमाला सांगितलं, बिल्ले बघायचेत. त्याने हाळी दिली, "बिल्ले दाखवा गं!" आणि एकीनेही बिल्ला काढला नाही. बिल्ले पानसुपारीच्या चंच्यांत, आणि चंच्या कमरेला गच्च. एक म्हातारी पुढे आली. "बाई, नावं काटायला आलाव काय?" मी म्हटलं, नाही हो, मला फक्त भोकं बघायचीत. ती मागे वळून सगळ्यांना म्हणाली, "भोकं बघाया आलीय म्हन." हशा. आणि कुणी पुढे येईना. बिल्ला गेला तर काम गेलं, कामावर खायला मिळणारी सुकडी गेली. मी त्यांच्या जागी असते तर मीही दिला नसता. रिकाम्या हाताने परत.

२ नोव्हें.
कि. मां.ना हात जोडले. ते म्हणाले, "आवो ताई, तुमी हात जोडू नका, पाप लागंल मला." मग हळूच, "सुट्टी टाकलीय आधीच."

१० नोव्हें., शुक्रवार
दिवाळी कोरडीच गेली. आज पुन्हा तलावावर, कि. मा. सोबत. ते दगडावर चढले आणि सरळ खरं सांगितलं. "आयाबायांनो, चूक माझी हाय. मी यंत्राच्या पट्टीला हळद लावली, ती बिघाडली. आता आपल्या जवारीचा हिशोब तुमच्या बिल्ल्यांवरच ऱ्हायलाय. ही ताई बिल्ला घेनार न्हाई, हातात बी धरनार न्हाई. तुमीच धरा, ती बघंल."

तेवढ्यावर काम झालं. मी एक कोरं कार्ड नेलं होतं, त्याला वाण नंबराच्या जागी दोन भोकं पाडलेली. बाईने बिल्ला उन्हात धरायचा, मी माझं कार्ड मागून लावायचं. दोन्ही भोकांतून ऊन आलं तर सात नंबर. पहिलं सापडलं चौऱ्याहत्तराव्या बिल्ल्याला. मी एवढ्या जोरात "सापडलं!" ओरडले की मुकादम धावत आला.

बिल्ले वाटताना पेटीतला क्रम मोडला नव्हता, म्हणून बिल्ल्यांच्या पाठीवरचे लाल शाईतले पाठोपाठचे नंबर हाका मारून बोलावले. भोकांवरून आकडे वहीत उतरवले, दोनदा, दोन वह्यांत. दिवसभरात एकोणीस. त्या दिवशीची ती म्हातारी शेवटी म्हणाली, "मंग, किती पिकली आमची जवारी?" तिच्या बिल्ल्यावरच्या वाफ्याचं सांगितलं. तिने तिथल्या तिथे शेजारणीला विचारलं, "तुझ्यावर किती?" आणि दोघींची जुंपली की कुणाचा वाफा सरस. मजा वाटली. घरी सगळ्यांच्या पुढ्यात रेशनचा लाल मिलो, ती परदेशी ज्वारी आहे, आणि भांडतायत आपल्या ज्वारीवरून.

१७ नोव्हें.
आणखी तेरा. एकूण बत्तीस. एका बिल्ल्याला तंबाखूचा डाग, भोकं मात्र शाबूत. चार राहिली. चारही तिसऱ्या वर्षातली, म्हणजे गेल्या सालची, जेव्हा पावसाने पाठ फिरवली तेव्हाची. लाल नंबर एकापाठोपाठ. मुकादमाच्या हजेरीत चारही एकाच घरची, सखूबाई आणि तिची तीन माणसं. ती मंडळी ऊसतोडीला गेली. कुठे? "श्रीगोंद्याकडं."

२० नोव्हें., सोमवार
साहेब म्हणतात, चार वाफे अंदाजाने भरा, पुस्तकात सूत्र आहे. आहे. एखादा वाफा बुडाला तर मीही भरेन. बारातले चार, तेही कोरड्या सालातले, नाही भरणार. त्याच सालासाठी तर ही ज्वारी मांडायची आहे. साहेबांना तोंडावर तसं म्हटलं. त्यांनी माझ्या श्रीगोंद्याच्या रजेच्या अर्जावर सही केली.

२७ नोव्हें., सोमवार
पुणे. आगाशेंबरोबर दिवसभर. बत्तीस कार्डं नव्याने पाडली, चारांची जागा मोकळी ठेवली. यंत्राच्या पोटात मला पुन्हा बिऱ्हाड मिळालं, जानेवारीपर्यंत. आता नियम: दर महिन्याला बिऱ्हाडातलं सगळं सामान दोन फितींवर, अ आणि ब. अ पुण्यात, ब केंद्रावर. पुढच्या महिन्यात अदलाबदल. आणि आगाशेंचा ठेका, "लिहिली म्हणजे झाली असं नाही. लगेच परत वाचून बघायची." दोन्ही वाचून बघितल्या. वाचल्या! त्या करकर आवाजाने इतकं बरं वाटलं की आगाशेंना मिसळ खिलवली.

ब फितीच्या डब्यावर कि. मां.साठी मोठ्या अक्षरात लिहिलं: पूजा डब्याची करावी.

४ डिसें., सोमवार
श्रीगोंदा. ऊसतोडवाल्यांच्या झोपड्यांचे (कोप्यांचे) दोन तळ पालथे घातले, तिसऱ्यावर सखूबाई सापडली. मोळी बांधत होती. चाळिशीची असेल, हातावर पाचटाचे ओरखडे. बिल्ल्याचं नाव काढताच कपाळाला आठी. "हितं त्याचं काय काम? माघारी गेल्यावर लागंल मला तो."
सगळं सांगितलं. हळद, फीत, तलाव, बत्तीस. ती मोळीवर बसून ऐकत राहिली. मग चंची सोडली. सुपारी, चुना, आणि खाली फडक्यात घडी न पाडता चार कार्डं. तिनेच एकेक करून उन्हात धरली. मी उतरवत गेले.
"काय निघालं?"
सांगितलं. त्या साली शेजारच्या, दुसऱ्या वाणांच्या वाफ्यांत कणसं भरलीच नाहीत. हे चारही वाफे भरले. खूप नाही, पण भरले.
"मंग आमचीच हुती ती."
"तुमचीच."
"पेराया मिळंल का?"
पुढच्या सोमवारी समितीची पाच माणसं बसतील, ती ठरवतील, म्हटलं. मी सगळं मांडीन, पण हो म्हणतीलच असं कसं सांगू.
सखूबाईने चारही कार्डं फडक्यात गुंडाळली, चंचीत घातली, दोरी दोनदा आवळली. "म्हनू द्या त्यास्नी काय म्हनायचं ते. न्हाई म्हनले, तर मला येऊन सांगा. आमच्याकडं लिवलेलं हाय."
मग तिने मोळी डोक्यावर घेतली, मी हात लावला. साडेतीनची गाडी चुकली, पाचची मिळाली.